पायाळूची पाठ

हिवाळ्यातल्या सकाळी वहिनीच्या पावलांना ओल्या मातीचा आणि सांबाराचा वास असे. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कोवळे ऊन तिरपे होऊन अंगणात उतरत असताना ती वाफ्यांना पाणी देऊन परतायची, आणि ओट्यावर कोणी ना कोणी कंबर धरून तिची वाट पाहत बसलेले असायचे. वहिनी पायाळू होती, जन्मताना पायांकडून आलेली; आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली चमक निघून जाते, याबद्दल आमच्या तळेगावात कुणाला शंका नव्हती. पदर खोचून, भिंतीचा आधार घेऊन ती पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर आपली गार टाच हलकेच टेकवायची आणि वर त्याचीच फिरकी घ्यायची, "पोतं उचलाले गेलते, का बायकोले?" माणूस हसायचा आणि हसता हसता त्याचे आखडलेले अंग सैल पडायचे. गुण त्या पायाचा की त्या हसण्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी तिचा धाकटा दीर. वर्ध्याला नोकरी, सिंदी मेघेला भाड्याची खोली. सुटीत गावी गेलो की घराच्या आधी तिचा आवाज भेटायचा.

एकोणीसशे सत्तरचे दशक सरत आले असताना, एका पावसाळ्याच्या अखेरीस तिचीच पाठ धरली. गावाला आधी हसू आले. पायाळूले चमक! तीही हसली. स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला पोचत नाही, म्हणून दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आष्टीकडचा एक पायाळू म्हातारा बोलावून आणला. त्याची टाच मणक्यावर टेकताच ती किंचाळली, आणि भोवतालच्या बायका समाधानाने म्हणाल्या, "निंगाली! चमक निंगाली!" ते आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

चमक निघाली नाही. मग आर्वीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी "काय होतंय?" एवढे विचारताच आम्ही सारे एका सुरात बोललो, "चमक भरली." तो शब्द तिच्या आधी दवाखान्यात जाऊन बसला. डॉक्टर हाताला यश असलेले, मायाळू गृहस्थ होते. त्यांनीही त्याच शब्दावर विश्वास ठेवून मलम आणि गोळ्या दिल्या. रोज संध्याकाळी अंगात येणारी बारीक तापाची कसर, सैल होत चाललेल्या बांगड्या, उतरत्या उन्हासारखा फिकट होत गेलेला चेहरा, यांविषयी कुणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. घरच्याच नावाच्या दुखण्याची भीती कशी वाटावी?

पौषात मी सुटीवर गावी असताना एका सकाळी ती मळ्यातून अडखळत आली. मागून दादा तिची एक चप्पल हातात घेऊन येत होता. तिच्या अनवाणी तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि रक्ताचे ठिपके अंगणभर उमटत होते.

"चप्पल कवा निंगाली, मले समजलंच नाई," ती म्हणाली आणि हसू लागली. मग आमच्या तोंडांकडे पाहून थांबली. दादाने खाली बसून काटा उपसला, तरी तिने हूं की चूं केले नाही.

"हे काई चमक नाई," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्याच दिवशी एसटीने वर्ध्याला आलो. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरचे बोट तिच्या पाठीवरून उतरत उतरत एका उंचवट्यापाशी थांबले. फोटो काढला. मणक्याचा क्षय, आणि त्याचा दाब मज्जारज्जूवर. "जीव वाचेल," तो म्हणाला, "पायांचं मात्र आज सांगता येत नाही."

मग प्लास्टरच्या कडक कवचात उताणे पडून राहण्याचे, इंजेक्शनांचे आणि मूठभर गोळ्यांचे दिवस आले. भिंतीवरून सरकणारी उन्हाची चौकट आणि छतातल्या चिमण्यांची किलबिल एवढेच तिचे ऋतू उरले. ज्याने आयुष्यात कधी स्वतःचे पाणी स्वतः घेतले नव्हते, तो दादा तिची वेणी घालायला शिकला. गावात तिच्या टाचेखालून गेलेल्या माणसांनी पाळ्या लावून तिचा मळा जगवला. त्या माणसांचे उपकार फेडण्याइतके आयुष्य मला मिळाले नाही, मिळणारही नाही. रोज संध्याकाळी दादा तिच्या तळव्यावर बोट ओढून विचारी, "लागते काय वं?" ती इतक्या मऊ आवाजात "नाई जी" म्हणे की जणू चूक तिचीच आहे. एके दिवशी ती म्हणाली, "लागलं वाट्टे थोडंसं." दादाचे बोट अजून तळव्याला टेकलेच नव्हते. दोघेही पोट धरून हसले, आणि मी डोळे पुसायला व्हरांड्यात गेलो.

औषध चालू ठेवून तिला घरी आणले. पावलांना मुंग्या येत, जात. खात्रीचे काही नव्हते. वैशाखातल्या एका दुपारी आम्ही आत जेवत असताना ती भिंत धरधरून एकटीच दाराबाहेर गेली, अनवाणी. अंगणातले दगड असे तापलेले की कुत्रेही सावली सोडत नव्हते. आणि एकदम तिची हाक आली, "माय वो! पोयलं! पाय पोयले नं जी माहे!" आम्ही उष्ट्या हातांनी धावलो. ती भर उन्हात उभी होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि पाय काही केल्या उचलत नव्हती. "सावलीत ये नं, पागल!" दादा ओरडत होता आणि तिच्याहून जास्त रडत होता.

त्यानंतर वहिनी पुष्कळ वर्षे जगली, कुरकुरत, चेष्टा करत, नातवंडांना कडेवर घेत. दारी आलेल्याला आधी "संध्याकायी कसर येते काय?" हे विचारल्याशिवाय तिने कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. आता ती नाही. काळाने तिला नेले याचे दुःख आहेच. पण त्याच काळाने तिला एकदा दारातून परत पाठवले होते, म्हणून तिच्या आठवणीपाशी मी रडायला बसतो आणि हात आपोआप जोडले जातात.