ते पित्त नव्हतं

मी गादी बोलतेय. राजकारणात जिच्यासाठी भांडतात ती नव्हे. मी एका माणसापुरती, पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीची, साधी झोपायची गादी. फार थकले आहे. तरी एवढं सांगून टाकते, कारण हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही.

माझा जन्म अर्धापूरजवळच्या एका शेतावर झाला. शिवांगी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला लातूरला निघाली होती, म्हणून तिच्या आईनं, कस्तुराबाईंनी, घरचा कापूस बाजूला ठेवला होता. पिंजारी दारात आला, कापूस पिंजून खोळीत भरला. टाके घालायला कस्तुराबाई स्वतः बसल्या.

"परक्या गादीवर अंग टाकायचं न्हाई, शिवे. कोन निजलं आसंल, कोन न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. पण गादी घरची असली तरी पलंग परका होता. वसतिगृहातल्या त्या पलंगाच्या फटींत ढेकूण आधीपासून नांदत होते. थोड्याच दिवसांत ते माझ्या शिवणींत, टाक्यांच्या खळग्यांत उतरले. मी झोप द्यायला आले होते आणि त्यांचं बिऱ्हाड होऊन बसले. मला हात असते तर झटकून टाकले असते.

शिवांगीच्या मानेवर, दंडांवर लाल गांधी उठल्या. एकामागे एक, ओळीनं. तिनं घरी फोन केला.

"पित्त उठलंय," कस्तुराबाईंनी फोनवरच ठरवलं. "आमसुलाचं पानी चोळ. वांगं, शेंगदाना बंद कर."

अंगावर काहीही लाल उठलं की या लोकांच्या लेखी ते पित्त! त्यात खोलीतल्या तनुजाच्या अंगावर एक डागही नव्हता. ढेकूण दोघींना चावले तरी एकीच्या कातडीवर उमटतं, दुसरीच्या नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तनुजा देगलूरची. ती उलट चिडवायची, "तू लई तापट हायेस, म्हणून पित्त वर येऊन राहिलं."

शिवांगीनं वांगं सोडलं. शेंगदाणा सोडला. मग दही, टोमॅटो, शेवटी डब्यातली डाळसुद्धा. ढेकणांच्या आहारात मात्र काहीच बदल झाला नाही.

खाजवून खाजवून जखमा झाल्या. जखमांत पू झाला, अंगात कणकण आली. औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणल्या, तर त्यांनी वर्गात पेंग येऊ लागली. झोपायला आडवं व्हावं तर खाज, वाचायला बसावं तर गुंगी. मानेवर नुसता केस हलला तरी ती दचकायची. माझ्याकडे येताना तिचा चेहरा उतरायचा. सराव परीक्षेत ती मागं पडली, तेव्हा वर्गात तिला विचारलं गेलं, "लक्ष कुठं असतं तुझं?"

लक्ष! झोपच नाही मिळाली तर माणसानं लक्ष आणायचं कुठून?

आणि याच मुली माझ्यावर बसून परजीवी कीटकांचे धडे मोठ्यानं पाठ करायच्या. पुस्तकातला ढेकूण चालतो. स्वतःच्या अंथरुणातल्याचं नाव घ्यायची लाज वाटते.

शेवटी कस्तुराबाई एसटीनं आल्या. लेकीच्या बाह्या वर सारून त्यांनी दंड पाहिले.

"बास झाली डॉक्टरकी. चल गावाकडं."

"माय, मला परीक्षा द्यायचीय."

"अशी? धड उभं ऱ्हाता येईना तुला."

शिवांगीनं पुस्तकं पेटीत भरायला घेतली. एवढी जिद्दी पोर, पण न झोपलेल्या माणसाला भांडताही येत नाही. मलाही गावाकडे न्यायचं ठरलं. आता तिची धाकटी भावंडं माझ्यावर लोळणार, या विचारानं मी गारठले.

दोरी बांधायला कस्तुराबाईंनी मला दुमडलं आणि माझी कडेची शिवण उलटली. काळे ठिपके, रक्ताचे वाळके डाग, आणि उजेडाला बिचकून पळणारा एक टम्म फुगलेला ढेकूण.

"आगं बाई! ही तर ढेकनं!"

वसतिगृहाच्या मालकीणबाई, उमाबाई, दारातच होत्या. त्यांनी आत येऊन दार लोटलं. "हळू बोला ना ताई. बाकीच्या पोरी ऐकतील."

"म्हणजे पित्त न्हाईच?" शिवांगी माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, दार सताड उघडलं आणि व्हरांड्यात जाऊन ओरडली, "माझ्या गादीत ढेकणं हायत! आणखी कुणाला चावतेत?"

मग एक दार उघडलं. एका मुलीनं बाही वर केली. तिला घामोळं आहे म्हणून सांगितलं होतं. दुसरीला साबण सोसत नव्हता. तिसरीला पाणी बदलल्याचं निमित्त. चौथीवरून तर घरच्यांनी लिंबू उतरवलं होतं. सगळ्यांच्या हातांवर त्याच ओळी!

तनुजा हळूच म्हणाली, "आमची आजी यांना नल्ली म्हणती. मला उशीवर एकदा दिसली होती. म्हटलं, बोलले तर माझ्यावरच येईल."

"आणि मी वांगं सोडलं, बये!" शिवांगी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मी हिच्या खोलीत फवारून घेते," उमाबाई म्हणाल्या.

"एका न्हाई काकू, सगळ्या खोल्यांत. भिंतीपलीकडून परत येतेत ती."

व्हरांडाभर पोरी उभ्या होत्या. उमाबाईंना मान हलवावीच लागली. पलंग बाहेर निघाले, कपडे उकळत्या पाण्यात गेले. डॉक्टरांनी जखमांना मलम दिलं. कस्तुराबाईंनी पुस्तकांची पेटी स्वतःच्या हातांनी रिकामी केली.

माझ्या आत मात्र अंडी होती. मला फाटकाबाहेर ठेवलं. समोरच्या बांधकामावरची एक बाई मला चाचपून पाहू लागली, तशी शिवांगी कात्री घेऊन धावत आली आणि तिनं माझी खोळ उभी चिरली.

"आगं, धड गादी फाडतीस? मी नेली आसती."

"म्हणूनच फाडते, मावशी. ढेकणं हायत. लेकरांना खातील तुमच्या."

बाईनं हात मागं घेतला. वाचणाऱ्यांनो, माझ्यासारखीला टाकायची वेळ आली तर अशीच फाडून टाका. आणि शब्द गिळू नका. ढेकूण म्हणजे घाण माणूस नव्हे. तो कुणाच्याही घरी येतो. लपवला की वाढतो.

आता कस्तुराबाई फाटकाशी उभ्या राहून घरी फोन करताहेत. "हाव, निजली. भर दुपारची, नुसत्या चटईवर. पुस्तक हातातच ऱ्हायलं."

माझ्याशिवाय झोपली. बरं झालं. तिला कुणी हाक मारू नका.