रिव्हॉल्वर, पिस्तूल आणि गार्लंडचा अंगठा

कमरेला रोज लावायला रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल, या एका प्रश्नावर माझ्या नवऱ्याने गेल्या चार वर्षांत जेवढा विचार केला, तेवढा माझ्याशी लग्न करताना केला नव्हता. लग्नाचं त्याने मासे धरायला जाताना गाडीत ठरवलं, दोन मिनिटांत. मी शेजारीच बसले होते.

चार वर्षं! नाश्त्याला तोच विषय, रात्रीच्या जेवणाला तोच. ओक्लाहोमात आमच्या बाजूला प्रत्येक घरात नको झालेल्या होल्स्टरांचं, म्हणजे हत्यार अडकवायच्या कमरेच्या म्यानांचं, एक खोकं असतं. आमच्याकडे दोन आहेत, आणि दुसऱ्या खोक्यात पूर्वी माझी नाताळची सजावट असायची.

"रिव्हॉल्वरसारखं भरवशाचं काही नाही बघ, ओपल," गार्लंड म्हणायचा. "चाप ओढला की गोळी सुटली. अडकणं नाही, काही नाही."

महिनाभराने हाच माणूस टेबलावर मूठ आपटून सांगायचा, "पाचच गोळ्या! पाच गोळ्यांत काय होतंय? आणि चाप किती जड. पिस्तूल ते पिस्तूल."

"आजवर एक तरी गोळी झाडली आहेस का कुणावर?"

"तो प्रश्नच नाही, बाई."

शेवटी तडजोड झाली. सोमवार ते शनिवार रिव्हॉल्वर, रविवारी पिस्तूल. कारण रविवारी तो चर्चच्या दाराशी बसायचा.

अकरा वर्षांपूर्वी चर्चमधल्या पुरुषांनी एक पथक काढलं, कुणी माथेफिरू बंदूक घेऊन घुसला तर अडवायला. प्रार्थना चालू असताना तिघांनी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचं, कोटाखाली हत्यार ठेवून. लहान मुलांचा वर्ग त्याच दाराला लागून आहे, म्हणून. पथकाचा पहिला माणूस गार्लंड. दर सप्टेंबरात परीक्षा: सात यार्डांवरून दहा गोळ्या, ठरलेल्या वेळात, आठ तरी कागदावर लागल्याच पाहिजेत. जमलं नाही तर बाक सोडायचा. हा नियम गार्लंडनेच स्वतःच्या हाताने लिहिला होता. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून लाइनमनची नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे उरला तो हा बाक. रविवारी तो साडेपाचलाच उठून बूट पुसायला बसायचा. मी मात्र अकरा वर्षं तिसऱ्या रांगेत एकटी बसायची आणि शेजारच्या जागेवर माझी पर्स ठेवायची.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मला ठाऊक होती. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड झिजलं होतं. आधी त्याने बटणांचे शर्ट कपाटात मागे सारले आणि टिचबटणांचे शर्ट आणले, दाबले की लागतात ते. मग लोणच्याची बाटली माझ्यापुढे यायला लागली. "झाकण बिघडलंय," म्हणायचा. झाकण बिघडायचं, नळ बिघडायचा, गाडीची किल्ली बिघडायची. अंगठ्याचं नाव नाही.

आणि दर रविवारी सकाळी मी आरशासमोर केस करत असताना तो पिस्तूल घेऊन न्हाणीघराच्या दारात यायचा.

"जरा तपासून दे."

तपासायचं काहीच नसायचं. पिस्तुलाच्या वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, जोर लावून मागे ओढून सोडावा लागतो. तेव्हा कुठे पहिली गोळी नळीत जाते. ते त्याला होत नव्हतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं कणीक तिंबली आहे, माझ्या हाताला ते काहीच नाही. नळी टबाकडे धरून मी स्लाइड ओढायची, पिस्तूल त्याला परत द्यायची आणि पुन्हा केसांकडे वळायची.

यंदा परीक्षेच्या दोन दिवस आधी तो मला बर्लच्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. "आज काय तो निकाल लावतो," म्हणाला. बर्लने मला पाहिलं आणि काहीच न विचारता गुलाबी मुठीचं एक इवलंसं रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं.

"मॅडमसाठी हेच. बायकांना स्लाइड ओढवत नाही हो."

माझं डोकंच फिरलं. मी कपाटातल्या सगळ्यांत दांडग्या पिस्तुलाकडे बोट दाखवलं, हातात घेतलं आणि तीनदा खटाखट ओढून दाखवलं. बर्लचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग मला गार्लंड दिसला. तो माझ्या हातांकडे बघत होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

"आम्ही नंतर येऊ," तो बर्लला म्हणाला.

परीक्षा शनिवारी सकाळी, थॅडच्या कुरणामागे मातीच्या बांधाशी होती. थॅड आता पथकाचा प्रमुख. लहानपणी तो गार्लंडच्याच रविवारच्या वर्गात बायबल शिकला. मी सगळ्यांसाठी बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे लोण्याचे मऊ पाव, आणि सॉसेजचा रस्सा नेला होता. नव्वद अंश फॅरनहाइटचं ऊन, वाऱ्याची झुळूक नाही. गार्लंडने दोन्ही हत्यारं आणली होती. अजूनही ठरत नव्हतंच.

थॅडने यंदा एक फरक केला होता: हत्यारं रिकामी आणायची, रेषेवर उभं राहून भरायची. गार्लंडने पिस्तूल काढलं.

"भरा," थॅड म्हणाला.

बाजूच्या दोघांचं खट्‌-खट्‌ झालं. गार्लंडची स्लाइड अर्ध्यावर येऊन परत गेली. त्याने पुन्हा ओढली. मग पिस्तूल पोटाशी धरून, दात आवळून ओढली. तीही अर्ध्यावरच. सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"ब्रदर गार्लंड, या नव्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा फार कडक येतात हो," थॅड म्हणाला.

"तेल घट्ट झालं असेल," दुसरा म्हणाला. त्या उन्हात लोणी वितळून माझ्या बिस्किटांखाली थारोळं साचलं होतं, आणि याचं म्हणे तेल घट्ट झालं.

"म्हणून तर मी सांगत होतो," गार्लंड म्हणाला, "रिव्हॉल्वर."

झालं! तिथेच वाद जुंपला. सहा मोठी माणसं, हत्यारं हातात घेऊन, रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल यावर तावातावाने बोलायला लागली. त्या पिस्तुलाकडे सगळे बघत होते, आणि सुजलेल्या त्या अंगठ्याकडे एक जण बघेल तर शपथ. मला सगळ्यांच्या डोक्यात रश्श्याचं पातेलं घालावंसं वाटलं.

मग गार्लंडने रिव्हॉल्वर भरलं. चाप ओढायला त्याला दोन बोटं लागत होती, आणि ओढता ओढता नळी खाली झुकत होती. पाच गोळ्या झाल्या. पुन्हा भरताना त्याच्या हातून काडतुसं गवतात सांडली आणि वेळ संपली. थॅड कागदापाशी गेला. दोन भोकं होती. मी बसल्या जागेवरून मोजली.

थॅड कागदाकडे पाठ करून वळला. मग म्हणाला, "वाऱ्याने कागद हलला असेल. मी पास लिहितो. चालेल ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना डोलवल्या. गार्लंडनेसुद्धा, खाली बघत.

मी तेव्हा गप्प बसले असते तर त्याचा बाक राहिला असता. त्याला आणखी एक वर्ष मिळालं असतं, बूट पुसायचं. देवाशप्पथ, मला गप्पच बसायचं होतं. पण त्या दारापलीकडे एकोणीस मुलं बसतात.

"वारा नाही," मी उठून म्हणाले. "तेल नाही, स्प्रिंग नाही, रिव्हॉल्वर नाही आणि पिस्तूलही नाही. त्याचा अंगठा गेलाय. दर रविवारी त्याचं पिस्तूल मी भरून देते."

"सिस्टर ओपल, जाऊ द्या ना," थॅड हळूच म्हणाला. "इतकी वर्षं त्यांनी..."

"नियम वाच," गार्लंड म्हणाला.

थॅड हलला नाही.

"वाच म्हणतो ना! नाही वाचत? मग ऐक. दहातल्या आठ लागल्या नाहीत तर त्या माणसाने त्याच दिवशी बाक सोडावा. कुणाचीही भीड धरू नये." हे सगळं त्याने तोंडपाठ म्हटलं. मग वाकून गवतातल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या डाव्या हाताने वेचल्या, खिशात टाकल्या आणि गाडीकडे चालू लागला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. बिस्किटं तशीच राहिली.

घरी येताना अर्ध्या रस्त्यात त्याने विचारलं,

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"शर्ट बदललेस तेव्हापासून."

"मग चार वर्षं माझी बडबड कशाला ऐकून घेतलीस? सांगायचं तरी तोंडावर."

चार वर्षं मी त्याच्यावर चिडत होते, पण वाद चालू आहे तोवर अंगठ्याचा विषय निघत नाही, हे मलाही बरंच वाटत होतं. स्वतःचाच राग आला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

रविवारी तो साडेपाचला उठला नाही. मी आरशासमोर केस करत होते आणि कान दाराकडे लागले होते. नेहमीच्या वेळेला तो आला. हात रिकामे होते. अंगात जुना पांढरा शर्ट होता, बटणांचा, पोटापर्यंत उघडा.

"हा कशाला काढलास?"

"तिसऱ्या रांगेत बसायचं तर नीट कपडे नकोत?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, आरशात नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "अंगठा चालत नाही, ओपल. बटणं लावून दे."

मी कंगवा ठेवला आणि खालून बटणं लावायला लागले.

"आज दाराशी कोण आहे?" त्याने विचारलं.

"थॅड."

"काय घेऊन बसणार?"

"पिस्तूल."

"अडकेल," गार्लंड म्हणाला.

"मान वर कर," मी म्हणाले आणि गळ्याचं बटण लावलं.

चर्चमध्ये मी शेजारच्या जागेवरची पर्स उचलून खाली पायाशी ठेवली. अकरा वर्षं ही जागा भरावी म्हणून मी कुरकुरत होते. आता तो तिथे बसला होता, आणि दाराचा आवाज झाला की मान वळवून मागे बघत होता. दुसऱ्या गाण्यापासून त्याच्याबरोबर मीही बघायला लागले.