चुकांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि माझ्या दोनशे पानांत एकही बरोबर उत्तर नाही. हसू नका. मी हे मान वर करून सांगते आहे.

मूळची मी शाळेच्या साठ्यातली, जाड पुठ्ठ्याची. माझ्या बहिणींच्या नशिबी हजेरी आली, सभांची इतिवृत्ते आली. मला गणिताच्या बाईंनी उचलले आणि पहिल्याच पानावर लिहिले : ५२ − ३८ = २६. मी गारच पडले! वाटले, बाईंचेच गणित कच्चे. पण खाली त्यांनी टिपले होते, 'मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच हिने ऐकलं. आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. हातचा राहूनच गेला.'

बावीस वर्षे हेच. कोणी चुकले की बाई डोळे वटारायच्या नाहीत. "थांब हं, कसं केलंस ते सांग," म्हणायच्या आणि मला उघडायच्या. पंचवीस तिनापेक्षा मोठे, म्हणून ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठे, असे ठणकावून सांगणारी पोरे माझ्यात आहेत. एका पठ्ठ्याने तर त्रिकोणाला चौथा कोन काढून दिला होता, आणि खोटे कशाला बोलू, तो त्याला शोभत होता.

मग शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ती वापरायला शिकवणाऱ्या प्रशिक्षक ताई आल्या. शिक्षकखोलीत सगळे हाताची घडी घालून बसले. चित्रकलेचे सर म्हणाले, "ताई, हे यंत्र आमच्याऐवजी शिकवणार, की आमच्याऐवजी मीटिंगला बसणार? मीटिंगला बसणार असेल तर आजच आणा!"

ताईंनी यंत्राकडे वजाबाकीचा सराव मागितला. आला तो पाठ्यपुस्तकाचा जुळा भाऊ. तेव्हा बाईंनी माझे पहिले पान पुढे केले. "हे सांगून बघा बरं त्याला." यंत्राने त्या एकाच अडलेल्या जागेसाठी दहा गणिते दिली, पायरीपायरीने. ताई खुर्चीतून उठल्याच. "बाई, याला तुमचा वर्ग दिसत नाही हो. आपण सांगू तेवढंच त्याला कळतं. ही वही सगळीच्या सगळी भरू या त्यात!"

बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांच्या वर्गात चिमणी म्हणून एक मुलगी होती, तीही सव्वीस उत्तर काढणारी. "मी गेल्यावर हिला कोण विचारणार, कसं केलंस म्हणून?" हा बाईंच्या जिवाला घोर. आता मी यंत्रात गेले की नव्या शिक्षकाला पान उलटायचीही गरज नव्हती. बाई निश्चिंत झाल्या. मीही फुगले, इतकी की कपाटाचे दार लागेना.

चार शिक्षकांनी मला वाटून घेतले. तेवढ्यात मुख्याध्यापक डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला. "शाळेच्या नावाने एवढी चुकीची उत्तरं? वरचे साहेब बघतील ना! भरता भरता दुरुस्त करा."

"अहो सर, ती चुकांचीच वही आहे," चित्रकलेचे सर म्हणाले.

"म्हणून तर दुरुस्त करा म्हणतोय!"

बाई तेव्हा वर्गावर होत्या. त्यांना कोणी सांगितले नाही. जाता जाता कशाला वाईट वाटू द्या. चार शिकलेली माणसे आठ दिवस घाम गाळत होती. बावीस वर्षांच्या चुका त्यांनी यंत्रात भरताना निपटून काढल्या, त्रिकोणाचा चौथा कोनसुद्धा. बाई हार घालून हसत घरी गेल्या. मला कपाटाच्या डोक्यावर टाकले.

पुढच्याच महिन्यात नव्या शिक्षकाने चिमणीचे सव्वीस यंत्राला दाखवून विचारले, हे असे का होते? यंत्राने लिहिले, 'या शाळेच्या नोंदींत अशी चूक कोणी केलेली नाही. तिने उत्तर कसे काढले, हे तिलाच विचारून पाहा.'

मुख्याध्यापकांनी पहिले वाक्य वाचले. "बघा! बावीस वर्षांत एकही नाही. ही एकटीच ढ!" दुसऱ्या वाक्यापर्यंत त्यांचा चष्मा पोचलाच नाही.

चिमणी तिथेच, माझ्या कपाटापाशी उभी होती. हळूच म्हणाली, "सर, मी कसं केलं ते सांगू?"

"आता सांगून काय करतेस, बाळ?" मुख्याध्यापक म्हणाले.

तिला खालच्या इयत्तेत बसवले. तिथे बेरीज चालू होती. बेरीज तिला येत होती.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या शिक्षक होतील. तुमच्या हाताशी फार शहाणी यंत्रे असतील. जरूर वापरा, मी त्यांच्यावर जळत नाही, या यंत्राचा तर केसभरही दोष नव्हता. फक्त त्याच्यापुढे शाळा आहे तशी ठेवा, नटवून ठेवू नका. नटवलेल्या शाळेत चुकणाऱ्या पोराला बसायला जागा उरत नाही.