चुकीची गुंडी

“छातीवर हात ठेवा आणि स्वतःला सांगा, मी पुरेशी आहे,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या. मनोरुग्णालयातल्या सगळ्या नर्सेसनी निमूटपणे हात ठेवले. सिस्टरनेही ठेवला. तिचा बायकांचा वॉर्ड तेवढ्या वेळात एकटी आया सांभाळत होती. तिथे आणखी एक नर्स द्या, असं सिस्टर वर्षभर मागत होती. मिळाल्या त्या या बाई.

सेवा करून करून कर्मचाऱ्यांची माया आटते, असा शोध वर कोणाला तरी लागला होता. म्हणून विश्रांती कक्ष आला, त्यात कोच आला, माशांची पेटी आली. जागा घेतली नातेवाइकांच्या भेटीची. जखम मांडीला, मलम शेंडीला. कोचावर अजून कोणी टेकलं नव्हतं, कारण बसायला लागणारा वेळ कोणी मंजूर केला नव्हता.

पुरेशी होऊन सिस्टर बाहेर आली, तर जिन्याखाली काका उभे. निवृत्त बस ड्रायव्हर. काकू वॉर्डात कित्येक वर्षं होत्या. त्या बोलत नसत, नवऱ्याला नावाने ओळखत नसत. पण त्याच्या शर्टाची गुंडी चुकलेली दिसली की चुकचुकायच्या, सगळ्या सोडून पुन्हा लावायच्या. म्हणून काका दर भेटीला गुंड्या चुकवून येत. भेटी जिन्याखाली आल्यापासून मात्र जेवणाच्या गाड्यांच्या खडखडाटाला घाबरून काकू दारातूनच मागे फिरत, आणि काका तसेच वाकड्या शर्टाने घरी जात.

“काका, जरा बाजूला व्हा, गाडी येतेय,” सिस्टर म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या हातांनी त्यांच्या गुंड्या सोडून सरळ लावल्याही. वॉर्डात रोज सगळ्यांच्या लावते तशा.

काका हलले नाहीत. “सिस्टर, ती गुंडी तुमच्यासाठी नव्हती.”

तिला हे ठाऊक होतं. पूर्वी आयेला ती हे कौतुकाने सांगायची. आता लाज वाटायला हवी होती. वाटला तो नुसता वैताग. तिने त्यांची गुंडी सोडली, चुकीच्या काजात घातली, आणि वॉर्डातून काकूंना हाताला धरून विश्रांती कक्षात नेलं. पाठोपाठ काकांना आत घेऊन दार लावलं.

कक्षाचे फोटो काढायला रुग्णालयाचे साहेब प्रशिक्षक बाईंना घेऊन आले, तेव्हा सिस्टर दारातच उभी होती.

“आत कोण आहे?”

“दमलेली माणसं.”

“स्टाफपैकी?”

“फोटो उद्या काढा, साहेब.”

साहेबांनी मेमोचं नाव काढलं. “द्या,” सिस्टर म्हणाली. बाईंनी तिच्या ताणाविषयी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तेही तिने ऐकून घेतलं.

ते गेल्यावर दाराच्या काचेतून तिने पाहिलं. काकू चुकचुकत होत्या. सिस्टरने छातीवर हात ठेवून बघितला. काही म्हणजे काही झालं नाही. पाय तेवढे दुखत होते. पण ती दारातून हलली नाही.

काका बाहेर आले ते गळ्यापर्यंत नीट लागलेल्या गुंड्यांनी. शर्ट चुरगळू नये म्हणून हातातली पिशवी अंगापासून लांब धरून ते फाटकाकडे चालू लागले.