बरळणारा कॉम्प्युटर

सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर हूं नाही की चूं नाही. मला दिसत नाही, त्यामुळे तो जे वाचून दाखवतो त्यावरच माझं सगळं काम चालतं. हेडफोन काढला, पुन्हा लावला, कानात बोट घालून पाहिलं. म्हटलं, आता बहिरीही झाले की काय! तेवढंच बाकी होतं.

"दादाऽ! अरे, ह्याला काय झालंय?"

माझा थोरला भाऊ चार दिवस राहायला आला होता. चहा भुरकतच आला. "काही झालेलं नाही. उलट बरा झालाय! काल तू बाहेर गेलीस तेव्हा उघडला, तर वेड्यासारखा बरळत सुटला. बोलतो हे माहीत होतं गं, पण ओ का ठो कळेना. मग सगळं पुसलं आणि नव्याने सिस्टिम टाकली. आता कसा शहाण्यासारखा गप्प आहे!"

माझं डोकंच चालेना. पुसलं म्हणजे? आत माझा अनुवाद होता. अख्खं पुस्तक, वर्षभराची मेहनत. आज संध्याकाळी प्रकाशकाकडे पाठवायचं होतं आणि दुसरी प्रत नव्हती.

"घाबरतेस काय? महत्त्वाचं ते सगळं आधी पेनड्राइव्हवर काढलंय. मला काय एवढंही कळत नाही?"

हुश्श! जीव भांड्यात पडला. नव्या सिस्टिममध्येही वाचणारा आवाज असतो, तो मी हेडफोन काढून, कळा दाबून चालू केला आणि पेनड्राइव्ह लावला. त्या आवाजातली बाई रवंथ करत बोलायला लागली. "पेन... ड्राइव्ह..." अगं बये, आटप की! मी वेग वाढवत माझ्या रोजच्या वेगावर आणला.

"बघ, बघ! परत तेच!" दादा ओरडला. "पुन्हा बरळतोय!"

"बरळत नाहीये रे. मी वाचतेय."

"हे? हे तुला कळतं?"

"शब्द न् शब्द."

मी फायलींच्या यादीत खाली खाली जात राहिले. सहलीचा फोटो. वाढदिवसाचा फोटो. फोटो, फोटो, फोटो. हे काय चाललंय?

"दादा, माझं पुस्तक कुठाय?"

"पुस्तक? त्या नुसत्या मजकुराच्या फायली? नावं काहीतरीच होती गं. मला वाटलं, कचरा." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "पण फोटो सगळे आहेत. एकही गेला नाही."

रडावं की त्याचं डोकं फोडावं, कळेना. मी खुर्चीवरून उठले.

"मग बस इथे," मी म्हटलं, "आणि एकेक फोटो वाचून दाखव मला."