ब्रेकला बांधलेली तार

"हे कुणी बांधलं?"

भीमसिंगाचा आवाज असा आला की हळदीच्या ढिगापाशी बसलेल्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. एकीनं पदर सावरला, दुसरीनं हातातला गड्डा तसाच धरून ठेवला. सकाळच्या पारी माणूस एवढा ओरडतो म्हणजे साप तरी निघाला असणार, नाहीतर कुणी पडलं तरी असणार.

साप नव्हता. भीमसिंग बांधावर गोणपाट अंथरून बसला होता आणि पुढ्यात त्याची लाकूड कापायची कटर मशीन होती. त्याची रीत ठरलेली. आधी चेन बोटानं ओढून बघायची, ढिली आहे की ताठ. मग एकेका दातावरून कानस फिरवायची. मग झाकण काढून हवेच्या जाळीतला भुसा फुंकायचा, चेनचं तेल बघायचं, आणि मग कुठं मशीन चालू करायच्या दोरीला हात घालायचा. लोक हसायचे. "भीमसिंग मशीनीला न्हाऊ घालून राहिला," म्हणायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आज त्याचा हात पुढच्या दांडीवर येऊन थांबला होता. दांडीला बारीक बांधणीची तार पीळ देऊन घट्ट आवळलेली होती.

"म्या बांधलं," प्रेमदास म्हणाला. तो भीमसिंगाचा धाकटा भाऊ. वाळक्या बाभळीला पाठ टेकून चहा पीत होता. "काल तू बारशाला गेल्ता, म्या एकला. अन् ब्रेक आपोआप लागून राहिला. जरा जोर लावला की चेन थांबे. मंग देली बांधून. सारा दिवस लोण्यावानी चालली."

"आपोआप लागून राहिला म्हंजी आत काई बिघडलं, एवढं कळलं न्हाई तुला? आजारी माणूस कण्हतो म्हून त्याचं तोंड बांधून ठिवतो का?"

"झालं चालू," प्रेमदास बायांकडं बघून हसला. बायाही हसल्या. प्रेमदास साऱ्यांचा लाडका. हात चलाख, तोंड गोड. भीमसिंगाचं तोंड म्हणजे बाभळीचा काटा.

ती दांडी म्हणजेच मशीनीचा ब्रेक. मशीनीच्या पात्याचं टोक गाठीत, खिळ्यात किंवा दुसऱ्या फांदीत अडलं की मशीन उसळते आणि चालत्या चेनसकट उलटी माणसाच्या तोंडावर येते. त्या वेळी हाताचा धक्का दांडीला बसतो, दांडी पुढं जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. तार बांधली की दांडी हलत नाही. मग मशीन थांबवायला फक्त माणसाचं नरडं उरतं.

विजयकुमार मोबाईल खिशात घालत तरातरा आला. वावर त्याचं, हळद त्याची, बाभळी त्याच्या. हळद शिजवायचा कुकर भाड्यानं आणून त्यानं वावरात उभा केला होता. चाकांवरच्या लोखंडी टाक्या आणि खाली भट्टी. कालचं लाकूड रात्रीच जळून गेलं होतं, आता भट्टीच्या तोंडाशी मूठभर तुराट्या उरल्या होत्या; जळतणासाठी वाळक्या बाभळी तोडायचं काम या दोघा भावांकडं होतं. उद्या तो कुकर दुसऱ्या गावाला जाणार होता, आणि बाळापूरच्या अंगानं आभाळ काळंनिळं होऊन वर सरकत होतं.

"भीमसिंग, जळतण कुठाय? आभाळ पाय जरा."

"मशीन चालत न्हाई, विजूभाऊ."

"काल तर चालली!"

"काल चालली ती नशिबानं चालली. आज म्या चालू देणार न्हाई. फाट्यावर जाऊन ब्रेक बसवून आणतो."

"आरं ब्रेक काय करायचा तुला? मोटारसायकल हाय का ती, घाटातून उतरवायची?"

पुन्हा बाया हसल्या. या वेळी प्रेमदास मोठ्यानं हसला. भीमसिंगाच्या कानशिलावरची शीर फुगली.

"विजूभाऊ, तुमची हळद भिजली तर तुमी मला शिव्या द्या. माहा भाऊ मेला तर म्या कुणाला देऊ?"

"कुणी मरत न्हाई!" प्रेमदासनं चहाचा ग्लास मातीत आपटला. "दर खेपेला हेच! एक शंकरसिंग मेला तर तू सगळ्यायच्या नावानं रडत बसतो. मेला तो त्याच्या नशिबानं!"

फाडकन आवाज आला. प्रेमदासचा गाल हलला आणि त्याच्या डोक्यावरची टोपी ढेकळात जाऊन पडली.

कुणी हसलं नाही. शंकरसिंग म्हणजे भीमसिंगाच्या बायकोचा, शिलाचा सख्खा भाऊ. कनेरगाव नाक्याकडं कडुलिंब तोडायला गेला होता. त्याच्या मशीनीची दांडी कधीचीच तुटलेली, आणि आज बसवू उद्या बसवू म्हणत त्यानं दोन हंगाम काढले. मशीन उसळली ती मानेवर आली. त्याला टेम्पोत घालून घरी आणायला भीमसिंगच गेला होता. टेम्पोच्या फळीवरचं रक्त त्यानंच धुतलं होतं.

प्रेमदासनं गालावर हात ठेवला नाही. तो सरळ मशीनीकडं गेला आणि त्यानं ती उचलली.

"चारचौघात हात उचलला ना? आता बघतोच. तुह्या नाकावर टिच्चून तोडतो बाभूळ."

त्यानं दोरी ओढली. मशीन बोलली नाही. पुन्हा ओढली, पुन्हा. दोरी नुसती सुर्रकन यायची आणि सुर्रकन परत जायची.

"प्लग म्या तवाच काढला, माह्या खिशात हाय," भीमसिंग म्हणाला.

मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. प्रेमदास अंगावर आला. दोघं भाऊ काळ्या ढेकळांत लोळले. भीमसिंगाच्या सदऱ्याचा खिसा फाटला, पण त्यातून काढून मुठीत धरलेला प्लग सुटला नाही. विजयकुमारची आई मनकर्णाबाई हळदीनं पिवळे झालेले हात उडवत मधी पडली. "आरं एका आईच्या पोटचे ना तुमी? सोडा! सोडा म्हंते ना!" कुकरवाल्या गड्यांनी दोघांना ओढून बाजूला केलं.

भीमसिंग उठला. ओठ फुटला होता. बांधावरची कुऱ्हाड उचलून त्यानं प्रेमदासच्या पायापुढं टाकली.

"लई खाज हाय ना हातांना? घे. आपल्या बापानं हिच्यावरच आपल्याला पोसलं. म्या येईस्तोवर पाड."

आणि मशीन गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन तो निघाला. मागून विजयकुमार ओरडत होता, "भीमसिंग, माही हळद भिजली तर पुन्यांदा या शिवारात पाय ठिवू नको!" भीमसिंगानं मागं बघितलं नाही.

वारंगा फाट्यावर रत्नपालचं दुकान. फवारणीचे पंप, कडबा कुट्टी, कटर मशीन, जे बिघडेल ते तो उघडायचा. भीमसिंग पोचला तेव्हा रत्नपाल डबा सोडत होता.

"बस. दोन घास खातो."

"घास मंग खा. आधी हे खोल."

"भीमसिंग, आज तुहं तोंड पाहून माही भूकच मेली," म्हणत रत्नपालनं हात पुसले.

बाजूचं झाकण निघालं तसा आतून तेलात भिजलेल्या भुशाचा काळा गोळा बाहेर पडला. रत्नपालनं तो खरवडून काढला. आत गोल डब्याभोवती पोलादी पट्टा बसवलेला असतो. तोच आवळतो तेव्हा चेन थांबते. रत्नपालनं तो पट्टा बाहेर काढला आणि उजेडात धरला. झिजून झिजून गवताच्या पात्यासारखा झाला होता. एका जागी आडवी चीर. त्यानं दोन बोटांत धरून जरा वाकवला आणि टचकन तुकडा पडला.

"ब्रेक आपोआप लागत होता तो या भुश्यानं," रत्नपाल म्हणाला. "अन् खरं लागायची येळ आली असती तर लागलाच नसता. तार काढून तरी काय उपेग होता?"

भीमसिंगानं तो तुकडा उचलून बोटांत फिरवला. रोज झाकण काढणारा, रोज जाळी फुंकणारा माणूस. पण या बाजूचं झाकण त्यानंही कधी उघडलं नव्हतं. आधी त्याला प्रेमदासचा राग आला होता, आता स्वतःचा आला, आणि तो निघाला रत्नपालवर.

"नवा टाक लवकर! डोळे फाडून काय पाहून राहिला?"

"नवा नांदेडहून मागवावा लागंल. उद्या येईल."

"उद्या? तिकडं कुकर थांबला, आभाळ आलं, अन् तू उद्या म्हून राहिला?"

"माह्यावर काहून ओरडतो बे? म्या झिजवला का तो?" रत्नपालही चिडला. पण चिडत चिडतच उठला आणि मागच्या अंधारात जाऊन भंगारात हात घालू लागला. पाने, डबे, मोडके पंप इकडं तिकडं फेकत फेकत त्यानं एक जळकी मशीन ओढून काढली. इंजिन गेलेलं, पण जात तीच. तिचा पट्टा जाडजूड होता, फारसा वापरलेला नव्हता.

तो बसवला. स्प्रिंग साफ केली. प्लग घालून मशीन चालू केली, चेन भिरभिरली, आणि रत्नपालनं मनगटानं दांडी पुढं ढकलली. चेन खाडकन थांबली.

"पुन्हा," भीमसिंग म्हणाला.

पुन्हा थांबली.

"अजून एक डाव."

"आता लगीन लावून देऊ का तुहं हिच्यासंगं?" रत्नपाल म्हणाला. "जाय!"

भीमसिंग वावरात पोचायच्या आधी पाऊस पोचला होता. वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं आणि बाया अंग टाकून ती दाबून धरत होत्या. गारा नव्हत्या, पण टपोरे थेंब हळदीच्या कडेकडेच्या ढिगांवर पडलेच. पाऊस फार टिकला नाही. जसा आला तसा वारंग्याकडं निघून गेला, आणि काळ्या मातीचा असा चिखल झाला की पायाला शेर शेर ढेकूळ चिकटावं.

कुऱ्हाडीनं एक बाभूळ पडली होती. प्रेमदासचे तळहात सोलून निघाले होते. भट्टी पेटली होती, पण तिला घास पुरत नव्हता. एक टाकी शिजली, दुसरी अर्धकच्ची राहिली.

भीमसिंगानं मशीन त्याच्यापुढं ठेवली. "तोड."

"तूच तोड."

"तुहा हात माह्यापेक्षा बरा चालतो. तोड. आभाळ अजून उघडलं न्हाई."

प्रेमदासनं त्याच्याकडं न बघता मशीन उचलली. आणि मग मात्र ती चालली. ताज्या धारेनं ओल्या सालीतून, वाळक्या गाभ्यातून सरळ आरपार गेली. भुसा जाडा, भरड पडत होता. कुकरवाले गडी ओंडके उचलून पळत होते. भट्टीनं जीव धरला, टाकीतून वाफ सुटली आणि शिजत्या हळदीचा वास चिखलावर पसरला. दिवस कलेपर्यंत बाभळी आडव्या झाल्या, तोडून झाल्या, रचून झाल्या. मशीन एकदाही उसळली नाही, अडली नाही. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

आणि तीच भीमसिंगाची चूक ठरली.

"पाह्यलं ना?" विजयकुमार कमरेवर हात ठेवून म्हणाला. "काय झालं? काईच झालं न्हाई! उगाच अर्धा दिवस घातला. कडेची हळद भिजली ती भिजली. नाकापेक्षा मोती जड करून ठिवला यानं."

"त्यो असाच," कुणीतरी म्हणालं.

भीमसिंग मशीन पुसायला बसला. काय सांगणार? झालेलं दाखवता येतं. टाके दाखवता येतात, मढं दाखवता येतं. जे झालंच नाही ते माणसानं कुठून आणून दाखवावं? गाय गेली की गावभर लोक गोठ्याचं दार कसं बांधायचं ते सांगत फिरतात, पण दार नीट बांधलेल्याला कुणी विचारत नाही. त्यानं मशीन गोणपाटात गुंडाळली आणि कुणाला रामराम न करता तो तांड्याकडं निघाला.

दिवेलागणीला ही गोष्ट तांडाभर झाली होती. त्याची आई नानीबाई उंबऱ्यात बसून वाटच बघत होती.

"लहान्या भावाला मारलं? लोकाच्या वावरात? बायांदेखत? तुहा बाप असता तर त्यानं काय म्हटलं असतं?"

"बाप असता तर त्यानं आधी दोन हाणल्या असत्या, मंग इचारलं असतं."

"वर तोंड करून बोलतो!"

शिला चुलीपुढं भाकरी थापत होती. ती दिवसभर दुसऱ्या वावरात होती, तिला सगळं बायांकडूनच कळलं होतं. कोण काय म्हणालं, कुणाचं नाव निघालं, सगळं. तिनं ताट वाढलं, नवऱ्यापुढं ठेवलं. त्याच्या फुटलेल्या ओठाकडं एकदा बघितलं आणि पुन्हा चुलीकडं वळली. पिठावर तिचा हात असा आपटत होता की परात हलत होती.

तेवढ्यात प्रेमदास आला. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या.

"उद्यापासून म्या तुह्यासंगं येत न्हाई," तो म्हणाला. "शिरड शहापूरच्या टोळीत जातो. तिथं कुणी हात उचलत न्हाई."

"जाय."

"जातोच! साऱ्या गावादेखत इज्जत काढली माही. माणूस न्हाईस तू. मशीनीपुढं भाऊ दिसत न्हाई तुला."

नानीबाईनं डोळ्याला पदर लावला. भीमसिंग ताटावरून उठला आणि दारात आला. त्याचा आवाज सकाळसारखाच चढला. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली.

"अजून दे! काहून थांबला? एवढ्याशा शिव्यांनी काय होतं? सकाळी दे, संध्याकाळी दे, टोळीत जाऊन माह्या नावानं दे, चौकात उभा राहून दे! तिथल्या मशीनीची दांडी पाह्य अन् मंग दे! शिव्या द्यायला माणूस जिता लागतो, प्रेम्या! जिता!"

आत परातीचा आवाज थांबला.

प्रेमदास दात आवळून उभा होता. त्याचे डोळे भरून आले ते रागानंच आले. मग त्यानं भावाला एक शिवी हासडली, अशी काही झणझणीत की नानीबाईनं कानांवर हात ठेवले आणि शेजारची म्हातारी "आगं बया!" म्हणून आत गेली. आणि पाय आपटत तो आपल्या घराकडं गेला. जाताना आणखी एक दिली.

भीमसिंग परत येऊन ताटावर बसला. शिलानं तव्यावरची गरम भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली, न मागताच त्यावर तेलचटणी घातली, आणि फुटल्या ओठाला झोंबेल म्हणून बोटानं पुन्हा काढून घेतली.

"जेवा," ती म्हणाली.

बाहेरून, तिकडच्या घरातून, प्रेमदासचा आवाज अजून येत होता. भीमसिंग भाकरीचा घास मोडत तो ऐकत राहिला.