मानेत चढलेली बया

शिलाई कारखान्याच्या मधल्या हॉलमध्ये त्या दुपारी एकही मशीन चालत नव्हतं आणि पाय ठेवायला जागा नव्हती. कापड कापायच्या टेबलांवर बायका चढून उभ्या होत्या, खिडक्यांचे गज धरून पोरं लटकली होती. मधोमध खुर्चीला बांधलेली होती माझी ताई.

मी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा डबा घेऊन आले होते. तिची मान डाव्या खांद्यावर पिळवटलेली, बुबुळं वर चढलेली, जीभ बाहेर. तिच्या पाठीवर सटकन पट्टा बसला. मशीनचा चामडी पट्टा. गर्दीने श्वास ओढला आणि पट्टा मारणारे पाणीवाले बुवा म्हणाले, "बघा, बया कशी कळवळली."

कळवळली ती माझी ताई होती.

हे बुवा तीन दिवसांपूर्वी आले. टाकीतलं पाणी नासलं होतं आणि कारखान्यात उलट्यांचा सपाटा सुरू होता, मशीनशेजारी मशीन आणि बादलीशेजारी बादली. काम अडलं तशी मुकादमाला डॉक्टर नाही आठवला, बुवा आठवले. बुवा बरणीतलं मंतरलेलं पाणी चमच्याने पाजायचे, वर ऐकवायचे की हे पाणी सात विहिरींचं आहे आणि आठवी विहीर त्यांच्या पोटात आहे. पण अर्ध्या तासात उलटी थांबायची. खरंच थांबायची, तेवढं मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी काजे करणाऱ्या मुलीची मान वाकडी झाली. मग तिच्या मैत्रिणीची. बुवांचं उत्तर तयार होतं. म्हणे पोटातली बया पाण्याने हुसकली की मानेत चढते, आणि मानेतून ती फक्त फटक्यांनी उतरते. दोघींना दुपारभर बडवलं, संध्याकाळी माना सरळ झाल्या, लोक बुवांच्या पाया पडले. ही बया पन्नाशीच्या कारागिरांच्या मानेत मात्र कधी चढत नव्हती, तिला विशीच्या आतल्या मुलीच लागायच्या. हे मी आईला बोलून दाखवलं, तर तिने मला फार शिंगं फुटली म्हणून झापलं.

आता तीच आई ताईचे पाय धरून बसली होती. रडत होती, पण पकड सोडत नव्हती.

"मारा बुवा," ती म्हणाली. "पोर मोकळी होऊ दे."

बुवांनी मुकादमाला इस्त्री तापवायला लावली. बया जिभेवर येऊन बसलीय, चटका तिथेच द्यायला हवा, असं त्यांनी कोथिंबीर निवडल्यासारखं सहज सांगितलं. इस्त्री तापायला जेवढा वेळ लागतो तेवढाच माझ्याकडे होता. मी डबा टाकला आणि धावले.

दोन गल्ल्या सोडून डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. धाप लागून शब्द फुटेना, म्हणून मीच मान वाकडी करून जीभ बाहेर काढून दाखवली. बाईंनी विचारलं, उलटीचं औषध घेतलंय का तिने? मी म्हटलं, औषध नाही, बुवांचं पाणी. उलट्यांपायी कामाची पाळी बुडू नये म्हणून सकाळपासून चार चमचे. बाईंनी बॅग उचलली आणि चपला न घालताच निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा इस्त्री ताईच्या तोंडापासून वीतभर लांब होती. मी बुवांच्या हाताला लटकले आणि मनगटाला कडकडून चावले. रक्ताची चव आली. इस्त्री खाली आदळली. बुवांनी माझ्या कानशिलावर असा ठोसा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पडताना त्यांची झोळी माझ्या मुठीत होती. ती टराटरा फाटली आणि फरशीभर गोळ्यांची चंदेरी पाकिटं सांडली. बहुतेक रिकामी.

"माझ्या ॲसिडिटीच्या आहेत त्या," बुवा म्हणाले.

"पोटात आठवी विहीर असून?" काजेवालीने विचारलं. तिच्या गालावर अजून वळ होते. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

बाई तोवर ताईजवळ बसल्या होत्या. त्यांनी आपलं बोट ताईच्या तळहातात ठेवलं. "ऐकू येत असेल तर दोनदा दाब."

ताईने दोनदा दाबलं. सगळ्यांनी पाहिलं.

बाईंनी सुई टोचली. पंधरा मिनिटांत ताईची जीभ आत गेली, बुबुळं खाली आली, मान हळूहळू समोर वळली. तेवढ्या वेळात बाईंनी पाकिटं वेचून दाखवली. दोन खरंच ॲसिडिटीच्या गोळ्यांची होती, म्हणजे स्वतःच्या पाण्यावर बुवांचा भरवसा नव्हता. बाकी सगळी उलटी थांबवायच्या गोळ्यांची. त्याच कुटून, साखर घालून पाण्यात विरघळवलेल्या. बाईंनी समजावलं, हे औषध मेंदूतून येणारी उलटीची उबळ दाबतं आणि तुंबलेलं पोट पुढे ढकलतं, म्हणून आराम पडतो. पण तरुण मुलींना भलत्या मापात दिलं, तर मेंदूत स्नायूंना आवरणारी जी जागा असते तिथेही ते गोंधळ घालतं. मान, डोळे, जबडा पिळवटतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. काही तासांनी औषधाचा अंमल उतरला की आपोआप सुटतोही.

म्हणजे फटके बुवांचे, भूतही बुवांनीच चमच्याने पाजलेलं.

मग लोक बुवांवर तुटून पडले. तोच पट्टा, तेच हात. खोटं कशाला बोलू, एक लाथ मीही घातली. बाई मध्ये पडल्या, बुवांना गोदामात कोंडलं आणि पोलिसांना बोलावलं.

ताई बोलली ती त्यानंतर.

"मला सगळं ऐकू येत होतं," ती आईला म्हणाली. "तू 'मारा' म्हणालीस तेही."

आईने तेव्हा कुठे तिचे पाय सोडले. दोन्ही घोट्यांवर तिची बोटं उमटली होती.

मान पंधरा मिनिटांत सरळ झाली, पाठ अजून भरतेय. आई रोज मलम लावते आणि ताई तिच्याशी बोलत नाही. म्हणून हे लिहितेय. कुणाची मान वाकडी झाली, डोळे फिरले, तर आधी विचारा की हिने काय घेतलं, किती घेतलं, केव्हा घेतलं. मग तिला दवाखान्यात न्या. फटक्यांनी गुण आला असं वाटलं, तर फटके न मारता काय झालं असतं हेही विचारा. हॉलमध्ये बुवा एकटा होता आणि आपण दीडशे. धरायला कुणी मिळालं नसतं, तर त्याला एकही फटका मारता आला नसता.